शाळेच्या इमारतीचा पैसा : खान्देशातील शहरे, खेडी आणि पाडे यांच्यासंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सरपंच, नगरसेवक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यासाठी लिहिले आहे. खान्देश म्हणजे येथे जळगाव जिल्ह्यातील १५, धुळे जिल्ह्यातील ४ आणि नंदुरबार जिल्ह्यातील ६ तालुके, असे धरले आहे. केळीच्या पट्ट्यातील रावेर, तापीकाठचे शिंदखेडा आणि सातपुड्याच्या कड्यांमधले अक्राणी एकाच प्रदेशात मोडत असले, तरी या तिन्ही ठिकाणी एक वर्गखोली उभी करणे आणि ती वीस-पंचवीस वर्षे धड राखणे ही अगदी वेगवेगळी कामे आहेत. निधीच्या वाटपात हा फरक पुरेसा धरला जात नाही, असे माझे मत आहे, आणि खालील बहुतेक उत्तरे त्या मताच्या आधाराने दिली आहेत.

शाळेची इमारत बांधणे आणि राखणे ही नेमकी कोणाची जबाबदारी आहे?

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेची इमारत, शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य पुरवण्याचे कर्तव्य त्याने राज्य शासन आणि स्थानिक प्राधिकरण या दोघांवर सोपवले आहे. प्रत्यक्षात मात्र शाळेचा मालक कोण, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. खेड्यातील बहुतेक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. शहरांतील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या असतात. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या, तर इतर शहरांत नगरपालिका किंवा नगरपंचायती आहेत. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचा कारभार नंदुरबार, तळोदा, धुळे व यावल येथील प्रकल्प कार्यालयांतून चालतो. माध्यमिक शिक्षणाचा फार मोठा भार खाजगी अनुदानित संस्थांनी उचललेला आहे. तेथे शिक्षकांचा पगार शासन देते, पण इमारत संस्थेची असते आणि तिच्या देखभालीला वेतनेतर अनुदानाचा आधार फारच तोकडा पडतो.

त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज लिहिण्यापूर्वी इमारत कोणाच्या मालमत्ता नोंदवहीत आहे, हे पाहणे आवश्यक आहे. शहराची हद्दवाढ झालेल्या गावांत हा प्रश्न विशेष अवघड होतो. धुळे शहराची हद्द २०१८ मध्ये वाढली, तेव्हा लगतची गावे महानगरपालिकेत आली. अशा वेळी शाळेचे हस्तांतरण कागदोपत्री पूर्ण होईपर्यंत गळक्या छताचा अर्ज दोन कार्यालयांमध्ये फिरत राहण्याचा धोका असतो.

कायद्याप्रमाणे शाळेत किमान काय असले पाहिजे?

सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी, शाळेत शिजणाऱ्या आहारासाठी स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण. शहर, खेडे किंवा पाडा असा भेद या यादीत केलेला नाही.

इमारतींसाठी पैसा कोठून येतो?

एकाच थैलीतून तो येत नाही, आणि प्रत्येक थैलीचे तोंड वेगळ्या माणसाच्या हातात असते, हे आधी लक्षात घ्यावे.

२०१८ पासून समग्र शिक्षा ही केंद्र व राज्य यांची संयुक्त योजना आहे आणि महाराष्ट्रात तिचा खर्च ६० : ४० या प्रमाणात विभागला जातो. नवीन खोल्या, मोठी दुरुस्ती आणि दरवर्षीचे संयुक्त शाळा अनुदान तिच्यातून मिळते. दुसरा मोठा स्रोत म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समिती तिला मान्यता देते आणि पालकमंत्री त्या समितीचे अध्यक्ष असतात. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी क्षेत्रासाठीची उपयोजना असे या योजनेचे तीन भाग असतात. वर्गखोल्यांचे बांधकाम आणि विशेष दुरुस्ती यांची मागणी येथे टिकली नाही, तर वर्षभर दुसरीकडे फिरून फारसे काही हाती लागत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१–२२ ते २०२५–२६ या काळातील निधी ग्रामीण भागात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात ८० : १० : १० असा वाटण्यात आला. त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. शाळेची पाण्याची टाकी, नळजोडणी आणि स्वच्छतागृह या कामांना तो निधी चालत असे. छताच्या दुरुस्तीला मात्र अबंधित भागाकडेच पाहावे लागे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट मिळतो, त्याला गावागावांत ‘पेसाचा पैसा’ म्हणतात (पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा). अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके, तसेच शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील काही गावे त्या क्षेत्रात येतात. हा निधी कोणत्या कामाला वापरायचा, हे ग्रामसभा ठरवते.

याशिवाय जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड आहे, कुंपण व मैदानासाठी रोजगार हमीचे अभिसरण, म्हणजे त्या योजनेच्या पैशाची जोड, आहे आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. खासदारांच्या निधीची वार्षिक मर्यादा ५ कोटी रुपये असून त्यातील १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी वापरणे अपेक्षित आहे. शहरांत मालमत्ता कर हा पालिकेच्या उत्पन्नाचा कणा आहे. त्याच बिलात ‘शिक्षण कर’ अशी ओळ असते. १९६२ च्या कायद्यान्वये वसूल होणारा हा कर पालिका गोळा करते, पण तो राज्य शासनाकडे जमा होतो. आपण शिक्षण कर भरतो, तरीही आपल्या प्रभागातील शाळेला रंग का लागत नाही, असे विचारणाऱ्या शहरवासीयांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सर्व शाळांना सारखी रक्कम देणे हा सर्वांत सरळ न्याय नव्हे काय?

हिशेबाला तो सरळ आहे, पण न्याय्य नाही. फैजपूरजवळ डांबरी रस्त्यालगत असलेल्या शाळेत पत्र्याची एक शीट बदलायची असेल, तर पत्रा, हूक आणि मिस्त्री त्याच दिवशी मिळतात. अक्राणी तालुक्यातील धडगावच्या पलीकडच्या पाड्यावर तेच काम करताना पत्र्यापेक्षा तो नेण्याची मजुरी आणि मिस्त्रीच्या मुक्कामाचा खर्च भारी पडू शकतो. दोघांना दहा-दहा हजार दिले, तर एका ठिकाणी छप्पर दुरुस्त होते आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मे उघडे राहते.

मग दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम द्यावी काय?

संयुक्त शाळा अनुदान पटावर आधारलेलेच आहे, म्हणून त्याचे आकडे पाहू. सध्याच्या टप्प्यांनुसार ३० पर्यंत पट असल्यास वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख रुपये मिळतात. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. खडू, रजिस्टर, वीजबिल, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती हे सगळे त्यातच बसवावे लागते.

२० मुलांच्या शाळेला या हिशेबाने मुलामागे ५०० रुपये पडतात, २५० मुलांच्या शाळेला २०० रुपये आणि ९०० मुलांच्या शाळेला जेमतेम ८३ रुपये. एवढेच पाहिले तर लहान शाळा सुखी वाटेल. परंतु पट कमी आहे म्हणून छत लहान होत नाही. दोन खोल्या, एक ओटा, दोन स्वच्छतागृहे आणि एक टाकी हा किमान डोलारा २० मुलांसाठीही लागतो, आणि पावसाचे पाणी पटसंख्या पाहून गळत नाही. दुसऱ्या बाजूला शहरातील ९०० मुलांच्या शाळेत नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या आणि स्वच्छतागृहांचे पाइप यांची झीज माणसांच्या वापराने होते, आणि तिथे ७५,००० रुपये दिवाळीपर्यंतही पुरणे कठीण आहे. म्हणजे हे सूत्र खेड्यातील लहान शाळेला एका कारणाने आणि शहरातील मोठ्या शाळेला दुसऱ्या कारणाने अपुरे पडते. पटावर आधारित रक्कम वापराच्या खर्चासाठी योग्य आहे. इमारतीच्या देखभालीसाठी खोल्यांची संख्या, वय आणि अवस्था हाच आधार घ्यायला हवा.

शहरांतील शाळांकडे जास्त पैसा जातो, हे खरे आहे काय?

या विधानाला एका शब्दात होकार देता येत नाही. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात घ्यावेत, अशी राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदाची योजना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची नागरी लोकसंख्या सुमारे ३२ टक्के, धुळ्याची सुमारे २८ टक्के आणि नंदुरबारची सुमारे १७ टक्के होती. सदस्यसंख्येने पाहता ग्रामीण बाजू दुबळी नाही. ती दुबळी पडते ती पाठपुराव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या माणसाला नियोजन कार्यालयात आठवड्यातून दोनदा जाता येते. अक्कलकुवा तालुक्यातील डोंगराळ मोलगीच्या मुख्याध्यापकाला त्यासाठी एक शाळेचा दिवस बुडवावा लागतो.

शहरी शाळांचे दुखणे निराळे आहे. पालिकेच्या अनेक जुन्या शाळा ऐन बाजारपेठेत आहेत, त्यांचा पट खाजगी शाळांकडे वळला आहे आणि खोल्या कुलूपबंद पडल्या आहेत. त्याच वेळी शहराच्या कडेला, जिथे बाहेरून आलेले मजूर, हमाल आणि बांधकाम कामगार राहतात, तिथल्या नव्या वस्त्यांत शाळेसाठी जागाच राखलेली नसते. शहराला ‘पुरेसे’ आहे असे म्हणणारा माणूस बाजारपेठेतील इमारती मोजतो, वस्तीतील मुले मोजत नाही. वस्तीच्या मुलाची गैरसोय पाड्यावरच्या मुलाच्या गैरसोयीपेक्षा हलकी आहे, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

सातपुड्यात आणि तापीकाठी बांधकामाचा खर्च वेगळा का येतो?

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक तयार होते आणि वाळू, खडी, सिमेंट यांच्या वाहतुकीचे अंतर, ज्याला अभियंते ‘लीड’ म्हणतात, त्यात धरले जाते. अडचण तेव्हा येते, जेव्हा योजना प्रति खोली एकच ठरावीक किंमत गृहीत धरते. ट्रक जिथपर्यंत जातो तिथपर्यंतचे अंतर कागदावर येते, त्यापुढे ट्रॅक्टरवर, मग डोक्यावर केलेली वाहतूक अंदाजपत्रकात पुरेशी उमटत नाही. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या मणिबेलीसारख्या गावांच्या बाबतीत बोटीचाही विचार करावा लागतो. अशा ठिकाणच्या निविदेला ठेकेदार मिळत नाही, मिळाला तर तो काम अर्ध्यावर ठेवतो, आणि दोष मात्र ‘दुर्गम भागा’ला दिला जातो. माझ्या मते तो दोष किंमत चुकीची धरणाऱ्या अंदाजपत्रकाचा आहे.

तापीच्या खोऱ्यातील अडचण जमिनीतच आहे. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. त्या हालचालीने उथळ पायावरच्या भिंती कोपऱ्यांतून आणि खिडक्यांखालून फाटतात. दरवर्षी भेगांत सिमेंट भरून वरून चुना मारणे हा त्यावरचा उपाय नाही. पाया खोल घेणे, पायाखाली मुरूम भरणे, जोत्याला सलग बीम देणे आणि इमारतीभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करणे यांना सुरुवातीला जास्त पैसे लागतात. ते वाचवले, तर पुढची पंधरा वर्षे दुरुस्तीच्या नावाखाली तेच पैसे जात राहतात.

उन्हाळ्याचाही विचार व्हावा. जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उघड्या पत्र्याखालच्या खोलीत मार्च अखेरीस दुपारी बसणे अशक्य होते. पत्र्याखाली छताचा थर, व्हरांडा आणि समोरासमोर खिडक्या या गोष्टींना अंदाजपत्रकात ‘चैनीच्या बाबी’ समजून कात्री लावू नये.

नवीन खोली आधी की जुन्या खोलीची दुरुस्ती?

जिथे खोलीच नाही किंवा असलेली खोली धोकादायक आहे, तिथे अर्थातच नवीन खोली आधी. इतर सर्व ठिकाणी दुरुस्ती आधी असावी, असे मला ठामपणे वाटते, आणि या एका गोष्टीवर शहर व खेडे यांच्यात मतभेद होण्याचे कारण नाही.

नवीन बांधकामाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. छताच्या वॉटरप्रूफिंगचे उद्घाटन कोणी करत नाही. पैशाचा ओघ त्यामुळे नवीन खोल्यांकडे सहज वळतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत देशभर शाळांमध्ये मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे वेगाने बांधली गेली. काम मोठे आणि गरजेचे होते. परंतु ज्या शाळेत बोअरला मार्चनंतर पाणी नसते, टाकीत पाणी चढवायला मोटार नसते आणि सफाईसाठी माणसाचे मानधन नसते, तिथे ते स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवावे लागते, आणि मोठ्या मुली दुपारनंतर घरी जातात. मुलींची ही गळती कोणत्याही बांधकाम अहवालात दिसत नाही.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, एक वर्गखोली बांधण्याचा आजचा खर्च १२ लाख रुपये आहे आणि तिच्या देखभालीसाठी दरवर्षी त्याच्या केवळ २ टक्के रक्कम बाजूला ठेवायची आहे. ती खोलीमागे २४,००० रुपये होते, म्हणजे दोन खोल्यांच्या शाळेला ४८,००० रुपये. पट ३० च्या आत असलेल्या त्या शाळेला आज सर्व गोष्टींसाठी मिळून १०,००० रुपये मिळतात. उरलेली तूट दरवर्षी भिंतीत साठत जाते आणि एके दिवशी ती खोली ‘शिकस्त’ म्हणून नोंदवली जाते. मग तिथे १२ लाख रुपये लागतात, आणि ते मंजूर होईपर्यंत मुले मारुतीच्या मंदिरात किंवा समाजमंदिरात बसतात. ‘पानी उना का शाळा सुटनी’ (पाऊस आला की शाळा सुटली) हे अहिराणी वाक्य मी अनेक गावांत तक्रारीच्या सुरात नव्हे, नेहमीच्या वेळापत्रकासारखे सांगितलेले ऐकले आहे, आणि मला ते फार लागले.

लोकवर्गणी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी यांवर किती भिस्त ठेवावी?

लोकसहभागाने खान्देशातील अनेक शाळा उजळल्या आहेत, माजी विद्यार्थ्यांनी बाके दिली, पंखे दिले, भिंती रंगवल्या. त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु बागायती गावात दोन शेतकरी मिळून संपूर्ण शाळेला फरशी बसवून देऊ शकतात, आणि ज्या पाड्यातील निम्मी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, तिथे तीच अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. काही योजनांत आणि पुरस्कारांत लोकवर्गणीला गुण असतात. ज्या गावाकडे आधीच आहे, त्यालाच आणखी मिळण्याची सोय अशा गुणांमुळे होते.

कंपन्यांच्या निधीचेही तसेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितले आहे आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. कारखाने शहरांजवळ असल्याने हा पैसाही बहुधा शहरांजवळच राहतो. नंदुरबारचा समावेश २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे असल्याने केंद्राने विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेल्या, जिल्ह्यांत झाला. त्या आधारे जिल्हा प्रशासनाने शाळांची निश्चित यादी आणि अंदाजपत्रके हाती घेऊन कंपन्यांकडे जावे. यादीशिवाय गेले, तर संगणक आणि दप्तरे मिळतात, छप्पर मिळत नाही.

कमी पटाच्या शाळांवर खर्च करण्यापेक्षा त्या एकत्र करणे बरे नाही काय?

समूह शाळेची कल्पना महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आली, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांची उदाहरणे देण्यात आली. तोरणमाळसारख्या ठिकाणी निवासाची सोय आणि पुरेसे शिक्षक एकत्र आणणे उपयोगी ठरू शकते. परंतु प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, हे नियमाने ठरलेले अंतर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पायांकडे पाहून ठरवलेले आहे. मध्ये नाला असेल, तर पावसाळ्यात तेच १ किलोमीटर ओलांडता येत नाही. इमारतीची देखभाल थांबवून शाळा आपोआप ओस पडू देणे आणि मग पट नाही म्हणून ती बंद करणे, हा मार्ग तरी कोणी स्वीकारू नये.

आमच्या शाळेची खोली धोकादायक आहे. काय करावे?

प्रथम मुलांना त्या खोलीतून बाहेर काढावे, आणि त्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करावा. ठराव, छायाचित्रे आणि बांधकामाचे वर्ष यांसह मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून अधिकृतपणे काढून टाकण्याचा, प्रस्ताव द्यावा. बांधकाम विभागाच्या अभियंत्यांची पाहणी लेखी मागावी. जुनी खोली रीतसर निर्लेखित झाल्याशिवाय ती पाडता येत नाही आणि त्या जागी नवीन खोली मागणेही अवघड होते, म्हणून या कागदाला उशीर करू नये. ‘यूडायस’ या शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीत माहिती भरताना खोली ‘चांगली’, ‘किरकोळ दुरुस्ती’ की ‘मोठी दुरुस्ती’ या रकान्यांत खरी अवस्थाच लिहावी. शाळा नीटनेटकी दिसावी म्हणून ‘चांगली’ असे लिहिले, तर मागणीचा पायाच निघून जातो.

मंजूर झालेला निधी खर्च न होता परत का जातो?

तालुक्यातून यादी उशिरा येते, प्रशासकीय मान्यता हिवाळ्यात मिळते, तांत्रिक मान्यता व निविदा यांत आणखी दोन-तीन महिने जातात आणि मार्च जवळ आला की सगळ्यांची धावपळ सुरू होते. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करता येतो, ही सवलत मोठी आहे. तरीही डोंगरी भागात जून ते ऑक्टोबर काम बंदच राहते, त्यामुळे दोन वर्षांतून प्रत्यक्ष बांधकामाचे महिने थोडेच उरतात. दुर्गम तालुक्यांच्या कामांना मान्यता पावसाळा संपण्यापूर्वी मिळाली, तर निम्मी अडचण दूर होईल, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागणार नाही.

न्याय्य वाटपाचे सूत्र कसे असावे?

देखभालीचा निधी नवीन बांधकामापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा आणि तो प्रत्येक खोलीमागे, तिच्या वयानुसार वाढत जाणारा असावा, ही माझी पहिली सूचना आहे. त्या रकमेला दोन गोष्टींनी गुणावे : साहित्य तिथपर्यंत नेण्याचा खरा खर्च आणि गावाची किंवा प्रभागाची स्वतः पैसे उभे करण्याची ताकद. ग्रामपंचायतीचे किंवा पालिकेचे दरडोई उत्पन्न उपलब्ध असतेच. ते कमी असेल तिथे जिल्ह्याने जास्त भर घालावी. शहरातील वस्त्यांनाही हीच कसोटी लावावी, म्हणजे शहर या एका शब्दाखाली श्रीमंत कॉलनी आणि झोपडपट्टी एकत्र मोजली जाणार नाही. नवीन खोल्यांसाठी मात्र तालुकावार कोटा न ठेवता जिल्ह्याची एकच प्राधान्ययादी असावी. धोकादायक खोल्या वर, खोलीच नसलेल्या शाळा त्याच्याबरोबर, बाकी सर्व त्यानंतर. ती यादी क्रमांकांसह पंचायत समितीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी. आपला क्रमांक ४७ आहे आणि यंदा ३० पर्यंतची कामे होणार आहेत, हे कळले, तर गाव एक वर्ष थांबू शकते. आपल्यानंतरच्या गावाला आधी खोली का मिळाली, हे कळत नाही, तेव्हा लोकांचा सार्वजनिक शाळेवरचा विश्वास उडतो आणि मुले खाजगी शाळेच्या गाडीत बसू लागतात.

पालक म्हणून मी नेमके काय विचारू शकतो?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचेच काम आहे. पुढच्या बैठकीत तीन कागद मागावेत : गेल्या वर्षीच्या संयुक्त शाळा अनुदानाचा खर्च, ‘यूडायस’मध्ये खोल्यांच्या अवस्थेची केलेली नोंद आणि आपल्या शाळेचा प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे दाखवणारा जावक क्रमांक. पेसा क्षेत्रातील पालकांनी ग्रामसभेतही शाळेचा विषय पत्रिकेवर घ्यायला लावावा. शहरातील पालकांनी प्रभागाच्या अंदाजपत्रकात शाळा दुरुस्तीची तरतूद किती आहे, हे डिसेंबर-जानेवारीतच विचारावे, कारण फेब्रुवारीत अंदाजपत्रक छापून तयार असते.